चित्रापुढची फुले

अमेरिकेतील बोस्टन शहरात ललितकलांचे एक मोठे संग्रहालय आहे. ते १८७६ साली लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर शंभर वर्षांनी, म्हणजे १९७६ साली, तेथे एका आगळ्या उत्सवास आरंभ झाला. वसंत ऋतूत काही दिवस तेथील निवडक चित्रांजवळ व शिल्पांजवळ ताज्या फुलांच्या रचना मांडल्या जातात. त्या करणाऱ्यांत बागकामाची आवड असलेल्या मंडळांचे हौशी सभासद पुष्कळ असतात. एक कलाकृती समोर ठेवावयाची आणि तिच्यावरून जे सुचेल ते फुलापानांतून उभे करावयाचे, असा हा परिपाठ आहे. पुढे अमेरिकेतील इतर शहरांनीही तो उचलला.

या उत्सवावर आक्षेप घेता येतात. थोर चित्राला फुलांच्या शृंगाराची गरजच काय, असे कोणी विचारील. चार दिवसांत कोमेजणाऱ्या वस्तूंसाठी एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. शिवाय फुलांबरोबर येणारे पाणी, पराग आणि किडे यांपासून चित्रांना अपाय पोहोचण्याचे भय असतेच. म्हणून रचना चित्रापासून काही अंतरावर ठेवणे भाग असते.

हे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. रचना केवळ शोभेसाठी असेल, तर ती नसलेलीच बरी. परंतु उत्तम रचना ही शोभा नसते. तो चित्राचा अर्थ लावण्याचा एक प्रयत्न असतो.

याच संग्रहालयात व्हॅन गॉग या चित्रकाराने १८८८ साली रंगविलेले एका टपाल कर्मचाऱ्याचे चित्र आहे. रूलँ हे त्याचे नाव. तो चित्रकाराचा मित्र होता. गडद निळा गणवेश, सोनेरी गुंड्या आणि भरघोस दाढी अशा थाटात तो खुर्चीवर बसला आहे. आता एखाद्याने निळ्या फुलांचा गुच्छ बांधून त्यात गुंड्यांसारखी पिवळी फुले खोवली, तर रंग जुळतील. पण माणूस हाती लागणार नाही. दुसरा कोणी चित्रापुढे बराच वेळ थांबेल. गणवेशाचा ताठरपणा आणि त्यातून डोकावणारा साधा, काहीसा अवघडलेला माणूस त्याला दिसेल. मग तो निळे तुरे सरळ उभे करील आणि त्यांच्या पायथ्याशी एखादी कोवळी वेल मोकळी सोडील. ती रचना पाहून प्रेक्षक पुन्हा चित्राकडे वळेल, आणि मघाशी न दिसलेले ते अवघडलेले हात त्याला आता दिसतील.

चांगल्या रचनेची कसोटी हीच होय. जी फुले प्रेक्षकाला स्वतःपाशीच अडकवून ठेवतात, ती कितीही सुंदर असली तरी चुकली. जी त्याला चित्राकडे परत पाठवितात, ती सार्थ झाली. चित्रावरून नुसती नजर फिरविणे आणि चित्र पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ लोक संग्रहालयातून पहिली गोष्ट करून परततात. ज्याला चित्रासाठी फूल निवडावयाचे असते, त्याला मात्र दुसरी करावीच लागते.

फुले कोमेजतात, हे खरे. परंतु ती निवडताना लागलेली पाहण्याची सवय कोमेजत नाही. त्यासाठी चार दिवसांचा खटाटोप मुळीच महाग नव्हे.