कानाचे मशीन मिळाले, पुढे काय?

चष्मा घातला की अक्षर लगेच स्पष्ट दिसते. कानाच्या मशीनचे तसे नसते. ते पहिल्यांदा लावले की भांडी, पंखा, रिक्षाचे हॉर्न सगळे एकदम अंगावर येते. स्वतःचा आवाजही परका वाटतो. बरीच वर्षे हे आवाज न ऐकलेल्या मेंदूला त्यांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. हे कोणी आधी सांगितले नाही, तर मशीन आठवड्याभरात कपाटात जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार, श्रवणयंत्राचा उपयोग होईल अशा लोकांपैकी सुमारे 17 टक्केच लोक ते वापरतात. किंमत हे मोठे कारण आहेच. त्यासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. पण मशीन घरी आल्यावर रोजच्या बारीकसारीक शंका विचारायच्या कोणाला?

मी शनिवार पेठेत राहतो. शेजारच्या काकूंनी मशीन घेतले, तेव्हा सोबतची माहिती इंग्रजीत होती आणि मदतीसाठी फक्त फोन नंबर होता. ज्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यांनी फोन करून मदत मागायची! आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात अशी गोष्ट पहिल्याच चाचणीत नापास होते.

ही मदत ऑनलाइन, मराठीत आणि लिहून द्यायला हवी. त्यासाठी मोठे ॲप नको. व्हॉट्सॲपचा एक गट, एक ऑडिओलॉजिस्ट आणि मशीनची सवय झालेले चार-पाच जण पुरेत. उत्तरे छोटी असावीत, व्हिडिओखाली मराठी अक्षरे असावीत आणि व्हिडिओ कॉलवर ओठ दिसावेत. प्रश्न साधेच असतात. सुरुवातीला किती वेळ लावायचे? शांत खोलीत एक-दोन तास, मग हळूहळू वाढवायचे. शिट्टी का वाजते? बहुतेक वेळा मशीन नीट बसलेले नसते किंवा कानात मळ असतो. वजू करताना? आधी काढून कोरड्या डबीत ठेवायचे, कान आणि हात पुसून मग लावायचे. पावसाळ्यात? रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे.

गटाची मर्यादाही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. कान दुखला, वाहू लागला किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा. आणि तपासणी न करता ऑनलाइन स्वस्त यंत्र मागवायचे नाही.

अब्बू किंवा नानी "काय म्हणालास?" असे तिसऱ्यांदा विचारतात, तेव्हा आपण "काही नाही, जाऊ द्या" म्हणून मोकळे होतो. अशा शंभर "जाऊ द्या"नंतर माणूस विचारणेच सोडतो आणि घरात असून एकटा पडतो. दोस्तहो, आपल्या फोनमध्ये नातेवाइकांचे, मोहल्ल्याचे, कॉलेजचे कितीतरी गट आहेत. त्यांत हा एक वाढवू या.