उजेडाचा हिशेब

घरात नवा दिवा आणावयाचा झाला, की आपण दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती वॅटचा?’ हा. वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे. तो किती उजेड देतो याचे नव्हे. घरोघरी तारेचे दिवे होते, तोवर एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येई. एलईडीच्या काळात तो अंदाज चुकतो. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांपुढे उजेडाचा हिशेब मांडीत आहोत. त्यातले गणित शाळकरी आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांचे वाचनसुख त्यात गुंतलेले आहे.

प्रथम मापांची ओळख करून घेऊ. दिव्यातून चहूकडे मिळून जितका प्रकाश बाहेर पडतो, तो ल्यूमेनमध्ये मोजतात. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता कॅन्डेलामध्ये सांगतात. साधी मेणबत्ती सुमारे १ कॅन्डेलाची. पुस्तकाच्या पानावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश मात्र लक्समध्ये मोजतात. १ कॅन्डेलाचा दिवा १ मीटरवरून १ लक्स प्रकाश देतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई, तिप्पट झाले की नवमांश. हा नियम केप्लरने १६०४ मध्येच सांगून ठेविला आहे.

आता ९ वॅटचा एक एलईडी दिवा घेऊ व त्याचे ९०० ल्यूमेन धरू. हा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे मानले, तर गोलाच्या हिशेबाने ९०० ला १२.५७ ने भागावे. सुमारे ७२ कॅन्डेला येतात. दिवा पुस्तकापासून २ मीटर उंच असेल, तर ७२ भागिले ४, म्हणजे अवघे १८ लक्स. पांढऱ्या भिंतींवरून परतणारा उजेड जमेस धरला, तरी ही संख्या चाळिशीच्या आसपासच राहते. वाचनासाठी तर ३०० ते ५०० लक्स असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. चार मेणबत्त्यांइतका उजेड देणारा जुना कंदील पोथीपासून ३० सेंटिमीटरवर ठेविला, तर तोही ४४ लक्स देतो!

मग ही उणीव आपल्या ध्यानात का येत नाही? कारण डोळा मोठा जुळवून घेणारा आहे. उजेड दसपट कमी झाला, तरी त्याला खोली थोडीशीच मंद वाटते. अक्षरे लावताना पडणारा ताण मात्र खरा असतो. त्यातून वयाबरोबर बाहुली आकुंचित होते, भिंग पिवळट होते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. नातवाला ३०० लक्स पुरत असतील, तर आजोबांना ९०० हवेत. ‘आता वाचवत नाही’ असे म्हणून आजोबा पुस्तक मिटतात, आणि आपण त्यांच्या वयाला बोल लावतो.

उपाय स्वस्त आहे. तोच दिवा मेजावर, पानापासून अर्ध्या मीटरवर आणावा: ७२ भागिले ०.२५, म्हणजे २८८ लक्स. प्रकाश सोळापट, विजेचे बिल तेवढेच. ३० सेंटिमीटरवर आणला तर ८००. आतून पांढरी असलेली टोपी वर घातली, की वर जाणारा प्रकाशही पानावर उतरतो. दिवा मात्र डोळ्यांत खुपू नये, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डावीकडून असावा. बाकीची खोलीही अगदी काळोखी ठेवू नये.

इतके करूनही अक्षरे धूसरच दिसत असतील, तर नेत्रवैद्यांकडे जाण्यास विलंब लावू नये. मोतीबिंदूवर दिव्याचा उपाय चालत नाही. परंतु घरातील वडील मंडळी सायंकाळी जेथे बसून वाचतात, तेथून दिवा किती अंतरावर आहे, हे आमच्या वाचकांनी आज एकदा मोजून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.