दारातलं पार्सल आणि रस्त्यावरचा मुलगा

‘ताई, पार्सल!’ अशी हाक आली की आपण पदराला हात पुसत दाराशी जातो, ओटीपी सांगतो आणि दार लावून घेतो. तो मुलगा कुठून आला, कसा आला, हे विचारत नाही. मीही विचारत नव्हते. पण गेल्या हंगामात आमच्या वस्तीतल्या एका मुलाची गाडी अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पाय मोडला. आई आमच्या बचत गटातली, तिने कानातलं गहाण टाकलं. ती सांगत होती, ‘कंपनी म्हणते, तो आमचा नोकर नाहीच, भागीदार आहे.’ भागीदार! दवाखान्याच्या बिलात मात्र कुणी भागीदार नव्हतं.

ही मुलं गाडी बेफाम हाकतात, असं आपण म्हणतो. हाकतातही. पण बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो, पार्सलमागे पैसे मिळतात. पेट्रोल त्यांचं, गाडीचा हप्ताही त्यांचाच. सावकाश गेलं की कमाई घटली. पाठीवर भली मोठी बॅग, हँडलवर मोबाइल, त्यात नकाशा बघायचा, गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा आणि समोर पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक! २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती.

डिसेंबर २०२५ मध्ये या मुलांनी संप केला. पुढच्याच महिन्यात केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना सांगितल्यावर जाहिरातीतली ‘१० मिनिटं’ निघाली. छानच झालं. पण घाई फक्त जाहिरातीत थोडीच होती? ती पार्सलमागच्या पैशांत आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. अशा कामगारांच्या निधीसाठी कंपन्यांनी उलाढालीतला १ ते २ टक्के वाटा द्यायचा, असं ती म्हणते. त्यासाठी मुलाची ई-श्रमवर नोंदणी हवी. शिवाय मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. मात्र पोलिसांना लगेच कळवावं लागतं, ११२ वर. कानातलं गहाण टाकताना हे त्या माउलीला कुणी सांगितलं नाही. आणि खरं सांगू, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

परवा तिच्या मुलाला घेऊन आम्ही नोंदणीला गेलो. अजून थोडा लंगडतो. सोमवारपासून पुन्हा गाडीवर जाणार म्हणाला.