उंची कशासाठी?

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलेले आमचे बांधव एक तक्रार हमखास करतात : 'त्यांच्या शहराला चेहरा आहे; आपल्या नगरला काय आहे?' ही तक्रार आम्हांस मान्य नाही.

बीबी का मकबरा दुरूनही ओळखता येतो. घुमट आणि चार मिनार ही त्या शहराची मुद्राच झाली आहे. परंतु ती मुद्रा ताजमहालावरून उचललेली आहे. संगमरवर मोजक्या ठिकाणी, बाकी दगडावर चुन्याचा गिलावा. उलट, 1490 साली वसलेल्या आमच्या नगरचा भुईकोट किल्ला खंदकाआड जमिनीशी नम्र होऊन बसला आहे. उंचीचा मान शाह डोंगरावरील अष्टकोनी, तीन मजली वास्तूचा. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखानाची कबर. काळा दगड तेथे काळाच राहिला आहे.

शिवाय ही शहरे परकी नव्हेत. 1610 साली खडकी वसवून त्या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर निजामशाहीचाच वजीर होता. सख्ख्या नातेवाइकांत उंचीची स्पर्धा कसली?

खरे दुखणे निराळेच आहे. सावेडीतील कोणत्याही गच्चीवर उभे राहा. काळ्या टाक्या, मोबाइलचे मनोरे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस साजरे करणारे फलक! घरे हवीतच; खेड्यांतून आलेली आमची कित्येक कुटुंबे याच इमारतींत राहतात. पण टाकीभोवती आडोसा बांधायला आणि फलकाला नकार द्यायला कोणी अडवले आहे?

आणि आम्ही ख्रिस्ती तरी निराळे आहोत काय? धर्मग्रामाच्या एका सभेत आम्ही स्वतः ऐकले : 'जुने कौलारू मंदिर पाडा, मनोरा असा उभारा की हमरस्त्यावरून दिसला पाहिजे.' छप्पर गळत होते काय? नाही. जागा अपुरी होती काय? तीही नाही. शेजारच्या धर्मग्रामाने मनोरा उंच बांधला होता, एवढेच कारण!

घंटाघर उंच बांधत, ते शेतात राबणाऱ्याच्या कानी घंटा जावी म्हणून. प्रवाशाने थक्क व्हावे म्हणून नव्हे. आकाशाला भिडून नाव कमावण्याचा हव्यास बाबेलच्या लोकांनाही होता. त्यांचे काय झाले, हे आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील पोरेही सांगतील.

तेव्हा मनोऱ्यासाठी वर्गणी मागायला कोणी दारी आले, तर वाचकहो, आधी एवढेच विचारा : ही उंची कोणासाठी?