निळ्या परांचा मासा, केशरी परांची नदी

पाऊस रुळला की या स्तंभाच्या वाचकांकडून माशांचे फोटो यायला लागतात. गाढी नदी, गाढेश्वरच्या खालचे ओढे, खालापूर-कर्जतकडचं पाणी, नाहीतर गावातलाच तलाव. वलगणीचा मासा चढायला लागला की ज्याच्या हातात गळ आहे त्याला घरात बसवत नाही. फोटोखालचा प्रश्न बहुतेक एकच असतो: याचा रंग असा कसा? चिलापी काळीकुट्ट, रोहू पांढुरका, मृगळ चक्क पिवळा.

बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सोपी असतात. चिलापीचा नर विणीच्या दिवसांत काळा पडतो आणि त्याच्या परांच्या कडा तांबूस होतात. गढूळ पाण्यातला मासा फिका दिसतो. तोच काळ्या कातळावरच्या नितळ पाण्यात राहिला की गडद होतो, कारण डोळ्यांना जसा उजेड आणि जसा तळ दिसेल तसे त्याच्या कातडीतले रंगकण पसरतात किंवा आक्रसतात. दृष्टी गेलेला मासा पुष्कळदा काळवंडतो तो याचमुळे. अंगभर केशरी किंवा लाल-पांढरा मासा गावतलावात सापडला, तर तो बहुधा कोई असतो. कोणीतरी घर बदलताना काचेची टाकी तलावात ओतलेली असते. हे करू नका, हे मी पुन्हा सांगतो. पाळीव मासा तलावात सोडणं ही दया नव्हे.

जन्मजात वेगळा रंग ओळखायचा तर डोळे बघा. काळा रंगकण अजिबात नसलेल्या माशाचे डोळे गुलाबी-लाल असतात. अंगावरचा काळा तेवढा हरवून पिवळा उरलेला असेल, तर डोळे नेहमीसारखे काळेच राहतात. अशी पिल्लं अंड्यांतून निघतात, पण वाढतात क्वचितच. बगळा आणि पाणकावळा त्यांना लांबून हेरतात. म्हणून किलो-दोन किलोचा पिवळा मासा गळाला लागला तर तो खरोखर दुर्मीळ ऐवज आहे. फोटो काढा आणि त्याला परत जाऊ द्या.

केशरी-तांबड्याची गोष्ट वेगळी. हे रंगद्रव्य मासा स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच येतं. नेरुळच्या फ्लेमिंगोंना गुलाबी रंग मिळतो तोही असाच. आणि बाहेरून चढणारा रंग कसा असतो तेही आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले, देशभर बातमी झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं एक कारखाना बंद केला. कासाडी नदीच्या पाण्याबद्दल मच्छीमारांची ओरड मात्र त्याच्या आधीपासूनची होती. रंग दिसला तेव्हा लोकांनी ऐकलं.

आता मूळ मुद्दा. ‘असतो एखाद्याचा रंग वेगळा’ म्हणून सोडून देण्याची सवय किती महागात पडते, हे महासीरच्या बाबतीत दिसलं आहे, आणि त्यात आपल्या डोंगरापलीकडच्या लोणावळ्याचा मोठा वाटा आहे.

कावेरीवर गळ टाकणारे साहेब आणि नंतरचे देशी शौकीन एका प्रचंड, कुबडवाल्या महासीरवर जीव टाकत. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाला लागला. गळानं पकडलेल्या महासीरांत तो आजवरचा सर्वांत मोठा मानतात. या माशाच्या खांद्यावर उंचवटा आणि पर केशरी. पण त्याच कावेरीत सोनेरी, रुपेरी, काळपट, तांबूस असे नाना रंगांचे महासीर मिळत आणि सगळ्यांना सरसकट ‘महासीर’ म्हटलं जाई. नदीचं पाणी बदललं की रंग बदलतो, अशी समजूत होती. ती अर्धी खरीही होती, म्हणूनच इतकी वर्षं टिकली.

दरम्यान, लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी महासीरची पैदास सुरू झाली. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यातले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि टाटांकडचे एस. एन. ओगले यांनी १९७०च्या दशकात दख्खनी महासीरची अंडी काढून, फळवून, पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलं. कर्नल साइक्स यानं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून ‘खुद्री’ या नावानं शास्त्राला कळवला तोच हा मासा, निळसर परांचा. धरणांनी आणि सुरुंगांनी तो संपत चालला होता. वळवणच्या केंद्रानं त्याची लाखो पिल्लं वाढवली आणि तो वाचला. आययूसीएनच्या लाल यादीत पूर्वी संकटग्रस्त असलेला हा मासा आज ‘किमान चिंता’ या गटात आहे. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. धरण बांधणाऱ्या कंपनीनं त्या धरणातल्या माशाची इतकी वर्षं काळजी घेतल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

पण ही पिल्लं चांगल्या हेतूनं कावेरीतही पोचली. महासीर कमी झालाय, महासीर सोडा, इतका सरळ हिशोब. निळ्या परांचा मासा तिथला नव्हता, हे तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही.

पुढे काय झालं ते कळलं गळवाल्यांच्या वहीतून. कावेरीवरच्या गालिबोरे इथल्या मासेमारी छावणीत पकडलेला प्रत्येक महासीर वजन करून, नोंदवून परत सोडण्याची शिस्त होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. मासे एकंदरीत वाढलेले दिसत होते, पण ती वाढ निळ्या परांची होती. कुबडवाला विरळ होत गेला होता, आणि त्याची लहान पिल्लं गळाला लागणंच जवळपास थांबलं होतं. नुसती ‘महासीर: एक, वजन अमुक’ अशी नोंद ठेवली असती, तर आलेख चढता दिसला असता आणि सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली असती.

त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे शंभर-दीडशे वर्षं जगभर गाजलेल्या या माशाला शास्त्रीय नावच नव्हतं. २०१८ मध्ये याच संशोधकांनी दाखवून दिलं की केरळच्या पांबार नदीतून ‘टॉर रेमादेवी’ म्हणून नोंदवलेला महासीर आणि कावेरीचा कुबडवाला एकच. नाव मिळालं आणि पाठोपाठ लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्का बसला. केशरी पर हा रंगातला किरकोळ फरक नव्हता. तो वेगळा मासा होता आणि शेकडो लोकांनी तो हातात धरून पाहिला होता.

नवी मुंबईकरांनी याचं काय करायचं? वळवण तलावाचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात उतरतं आणि पाताळगंगेला मिळतं. १९१५ पासून हा क्रम चालू आहे. ऐन मे महिन्यात पाताळगंगा वाहती दिसते ती याच पाण्यावर. नवीन पनवेल, कळंबोलीच्या नळांना येणारं पाणी याच नदीतून उचललं जातं. महासीरच्या तलावाशी आपलं नातं इतकं जवळचं आहे. त्यामुळे इकडच्या नद्यांतही महासीर सोडा, अशी मागणी कानावर आली की ती गोड वाटते. माझा तिला विरोध आहे, निदान आज तरी.

लोणावळ्याचा मासा कृष्णेच्या खोऱ्यातला, आणि सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या वेगळ्या. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीत, काळ नदीच्या डोहात, वरदायिनी देवीच्या नावानं राखलेले महासीर आहेत. वाड्याजवळ तिळसेश्वराच्या पायथ्याशी वैतरणेतही आहेत. तिथं कुरमुरे टाकून बघा. आधी डोहात नुसत्या काळ्या पाठी सरकताना दिसतात, मग एखादा कुशीवर वळतो आणि खवल्यांची पितळी झाक लखकन दिसून जाते. पर मात्र पाण्याखाली राहतात. गावानं राखलेल्या अशा डोहांतला मासा नेमका कोणता, त्याचे पर कोणत्या रंगाचे, त्याची गुणसूत्रं काय सांगतात, हे तपासल्याशिवाय शेजारच्या नदीत टेम्पो भरून पिल्लं ओतणं म्हणजे कावेरीचीच चूक रायगडात करणं. लोणावळ्याच्या केंद्रात हिमालयातला सोनेरी महासीरही आणला गेला होता आणि संकराचे प्रयोगही झाले होते, हे ध्यानात घेतलं तर ‘महासीर तो महासीर’ असं म्हणायची सोय उरत नाही.

पिल्लं सोडण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे येतात, फोटो निघतात. परांचे रंग टिपायला कोणी येत नाही. ते काम गळवाल्यांनीच करायचं आहे आणि तेच करू शकतात, कारण जिवंत मासा सर्वांत जवळून तेच बघतात. मेल्यावर तासाभरात रंग उतरतो. बाजारातल्या पाटीवरच्या माशावरून काही कळत नाही.

तेव्हा या पावसात फोटो जरूर पाठवा, पण नीट काढलेला. मासा हातात उंच धरून हसरा चेहरा नको. हात ओले करा, माशाला पाण्याजवळच आडवा धरा, पर पसरलेले दिसू द्या. एक फोटो पूर्ण कुशीचा, एक डोक्याचा, डोळा स्पष्ट दिसेल असा. सोबत नदीचं किंवा तलावाचं नाव, तारीख, पाणी गढूळ होतं की नितळ, आणि मासा सोडला की ठेवला. नेहमीच्या रंगाचा असला तरी पाठवा. गाढी, पाताळगंगा, उल्हास आणि काळ अशा चार वह्या मी आजपासून उघडल्या आहेत. पाच-सहा पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की मासे अभ्यासणाऱ्यांकडे त्या घेऊन जाता येईल, आणि कोणी पिल्लांचा टेम्पो घेऊन नदीवर आलं तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी लेखी असेल.