या धुनेच्या कर्त्याला वाली कोण?

तानपुरा सुरू होतो आणि त्यावर व्हायोलिनचा एक छोटा आलाप उमटतो. आकाशवाणीची सभा उघडणारी ही धून अंबाजोगाईत पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही गुणगुणून दाखवता येईल. औरंगाबाद केंद्र लावा नाहीतर परभणी, सुरुवात हीच. कानाला ती शिवरंजनीच्या घरातली वाटते, कोमल गंधाराची हुरहूर तीच. पण ती रचली कोणी, असे विचारले की भले भले जाणकारही गप्प होतात.

तिचे श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. जन्म १९०७, कार्ल्सबाडचा. ज्यू कुटुंबातला, बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्या हाताखाली तयार झालेला संगीतकार. हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये कॉफमन यांनी मुंबई गाठली. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातले काहीही उमगले नाही. मात्र लाखो लोकांना जे संगीत प्रिय आहे ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच आहे, असे मानून ते शिकायला बसले. त्या काळी मुंबईत आलेल्या किती युरोपीय माणसांना हे सुचले असेल? मला या माणसाबद्दल जे प्रेम वाटते त्याचे मूळ इथे आहे.

मुंबईत त्यांनी बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. विलिंग्डन जिमखान्यात गुरुवारी तिच्या मैफली होत. व्हायोलिनवर झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता, पियानोवर स्वतः कॉफमन. १९३७ पासून ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. मोहन भवनानींच्या चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले. आणि १९४३ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी’ लिहिली. ‘सिक्स इंडियन मिनिएचर्स’ हा वाद्यवृंदासाठीचा रचनासंच त्याच सुमाराचा.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. पुढे कॅनडातल्या विनिपेगच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राची धुरा १९४८ पासून सांभाळली आणि १९५७ नंतर अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांवर त्यांनी लिहिलेले जाडजूड ग्रंथ अभ्यासकांना ठाऊक आहेत. १९८४ मध्ये ते गेले, तोवर त्यांच्यातला संगीतकार विस्मरणात गेला होता. युरोपला त्यांचे संगीत फार पूर्वेकडचे वाटले असावे, इथल्यांना ते साहेबी वाटले. निर्वासिताच्या कलेला हक्काचा देश नसतो आणि हा आपला म्हणून पुढे येणाराही कोणी नसतो.

अलीकडे मात्र हे चित्र थोडे बदलले. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या मंडळींनी २०२० मध्ये कॉफमन यांच्या छोट्या वादकसंचासाठीच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. बर्लिनच्या रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्राने ‘इंडियन सिम्फनी’ वाजवली आणि तिची तबकडी निघाली. २०२४ च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाली. हे सगळे शक्य झाले, कारण ब्लूमिंग्टनच्या ग्रंथालयाने त्यांची हस्तलिखिते नीट जपली. सगळ्यांना असे ग्रंथालय लाभत नाही. अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकार बाईंच्या कितीतरी स्वरलिप्या २००९ मध्ये एका पडक्या घरात सापडल्या. तेव्हा कुठे त्यांचे संगीत पुन्हा वाजू लागले. दरवेळी असे घर वेळेत उघडले जाईलच असे नाही.

जपणुकीचे एक उदाहरण आमच्या अंबाजोगाईतच आहे, संतकवी दासोपंतांची पासोडी. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला हा ग्रंथ चार शतके टिकला, कारण वंशजांनी तो देवघराच्या मायेने सांभाळला. पण पासोडी उलगडली की वाचता येते, सिम्फनीचे तसे नाही. मूळ स्वरलिपीत पंचवीस-तीस ओळी एकाखाली एक चाललेल्या असतात: वर बासऱ्या, मध्ये पितळी वाद्ये, तळाशी व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची तंतुवाद्ये. त्यातून प्रत्येक वादकासाठी त्याचा-त्याचा भाग वेगळा उतरवावा लागतो, चुका तपासाव्या लागतात, मग साठ-सत्तर माणसांच्या तालमी. एवढा खर्च आणि एवढे कष्ट कोणी अंगावर घेतले नाहीत, तर कपाटात जपलेले संगीतही मुकेच राहते.

आपल्याकडच्या अँथनी गोन्साल्विसचे काय झाले पाहा. गोव्यातल्या माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मोठा संयोजक होता, प्यारेलाल यांचा गुरू. १९५८ मध्ये त्याने इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या रचना लिहिल्या आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ‘कॉन्सर्टो इन राग सारंग’ हे नाव वाचले तरी मला ते ऐकायची ओढ लागते. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेला, परत येऊन गावी शांतपणे राहिला, २०१२ मध्ये वारला. देशाला त्याचे नाव ठाऊक आहे ते अमिताभच्या गाण्यामुळे, त्याच्या संगीतामुळे नव्हे. याची मला खरोखर चीड येते.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. बेथोव्हेन, चायकोव्हस्की त्यांनी वाजवावेतच. पण मुंबईत लिहिलेल्या ‘इंडियन सिम्फनी’ला त्यांच्या हंगामात कायमची जागा हवी, आणि गोन्साल्विसच्या रचनांचे भाग उतरवून घेण्याचे कामही याच शहराचे आहे. आकाशवाणीनेही धून वाजली की कर्त्याचे नाव सांगावे. चार सेकंदांचे काम आहे.

आणि अंबाजोगाईतही काही करता येईल. नोव्हेंबरात आपल्याकडे यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, गावोगावचे दर्दी रसिक येतात. त्यातली एक सकाळ कॉफमन यांना द्यावी. आधी आकाशवाणीची धून ऐकवावी, शिवरंजनीची जाण असलेल्या एखाद्या गवयाने तिच्यातला राग गाऊन उलगडावा आणि लगेच बर्लिनची ती तबकडी चांगल्या ध्वनियंत्रणेवर पूर्ण लावावी, मध्ये भाषण न करता.