विश्लेषण : सातपुड्याच्या घाटात गाड्या दरीत का जातात? चालक आणि गाडीमालकाने काय तपासावे?

गेल्या वर्षी १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी नंदुरबार जिल्ह्यातील चांदसैली घाटात कोसळली. त्यात आठ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये धुळे-सुरत महामार्गावरील कोंडाईबारी घाटात खासगी प्रवासी बस दरीत गेली आणि पाच प्रवासी दगावले. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरात मजुरांची गाडी दरीत कोसळली. गाड्या वेगळ्या आणि रस्तेही वेगळे, पण ठिकाण प्रत्येक वेळी घाटाचेच. यात रस्त्याचा, गाडीचा आणि चालकाचा वाटा किती असतो, याविषयी…

नंदुरबारमध्ये घाट टाळता का येत नाही?

जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. नंदुरबार, शहादा, तळोदा हा तापीकाठचा सपाट पट्टा, तर धडगाव, मोलगी, तोरणमाळ हा सातपुड्याचा डोंगराळ भाग. सरकारी काम, मोठा दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी डोंगरातल्या माणसाला खाली उतरावेच लागते. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैली, तर अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट लागतो. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की हे रस्ते बंद होतात. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाट असाच बंद होता. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघालेल्या एका पतीला तिला वेळेत दवाखान्यात पोहोचवता आले नव्हते. त्यामुळे ‘घाटात जाऊ नका’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे.

‘ब्रेक फेल’ होतो म्हणजे नेमके काय होते?

बहुतेक लोकांना वाटते, काहीतरी तुटले. अनेकदा तुटलेले काहीच नसते, ब्रेक तापलेला असतो. माणसांसह अडीच हजार किलो वजनाची पिकअप ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुटणारी ऊर्जा साधारण ४० लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्याइतकी असते. इंजिनाने यातला वाटा उचलला नाही, तर ही बहुतेक उष्णता ब्रेकवर येते. लायनर आणि पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही.

दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे ‘डॉट ३’ ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते. घाटात ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल थेट खाली जाते. थोड्या वेळाने ऑइल थंड होते, ब्रेक पुन्हा लागतो आणि मालक म्हणतो, ‘गॅरेजमध्ये तर ब्रेक चांगला होता.’

न्यूट्रलमध्ये उतरल्याने डिझेल वाचते का?

नाही. आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. शिवाय इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. उतारावर इंजिन बंद करणे तर आणखी घातक. पेडल दाबायला मदत करणारा ब्रेक बूस्टर थोड्याच वेळात निकामी होतो, पॉवर स्टिअरिंग जड होते.

जुन्या एसटी चालकांचा नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना बॅटरीत वीज भरते, पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर हा आवर कमी मिळतो, हे लक्षात ठेवा.

निघण्याआधी काय पाहावे?

ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे, ते काळपट झाले असेल तर त्याआधीच. पॅड आणि लायनर किती उरले, हे सर्व्हिसिंगच्या वेळी स्वतः पाहावे. टायरची नक्षी चारचाकीसाठी किमान १.६ मिलीमीटर असणे नियमाने बंधनकारक आहे. पावसाळ्यात त्याहून जास्त असलेली बरी. हवा, वायपर, हेडलाइट आणि हॉर्न हे तपासायला पाच मिनिटे लागतात. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणे हा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचे.

पेडल खाली गेलेच तर ते भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्या. डोंगराला घासलेली गाडी दुरुस्त होते.

मालवाहू गाडीत माणसे बसवली तर?

यात्रा, भोंगऱ्या बाजार, लग्न, ऊसतोडीचे स्थलांतर, सगळीकडे पिकअप दिसते. एसटीच्या फेऱ्या कमी, भाडे विभागून परवडणारे, म्हणून लोक बसतात. पण मागच्या हौद्यात सीट नाही, पट्टा नाही, छप्पर नाही. गाडी कलंडली की माणसे बाहेर फेकली जातात. उभ्या माणसांमुळे गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती लवकर कलंडते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. जादा प्रवाशांची दुसऱ्या वाहनाने सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही, अशीही तरतूद आहे. दंड किरकोळ आहे. त्यापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे.

विम्याची भरपाई मिळते का?

मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात सोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. यात्रेकरू, वऱ्हाडी येत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बलजित कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होता. म्हणजे अखेरचा बोजा मालकावरच. एका पिकअपवर पोट असलेल्या मालकाकडून अनेक कुटुंबांना लाखोंची भरपाई कशी मिळणार? हप्ता भरला म्हणून निर्धास्त असलेला मालक आणि जवळचे माणूस गमावलेले कुटुंब, दोघेही इथे उघडे पडतात.

अपघात झाल्यास काय करावे?

११२ किंवा १०८ वर फोन करा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोकडविरहित मिळतात. जखमींना मदत करणाऱ्यावर कारवाई होऊ नये, यासाठी कायद्यात संरक्षण आहे.

पुढे काय?

वळणांवर भक्कम कठडे, दरडींवर जाळ्या आणि घाटमाथ्यावर ब्रेक थंड करायला थांबण्याची जागा ही कामे प्रशासनाची. यात्रेच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात, त्या दिवसांत जादा एसटी सोडणे अवघड नाही. तोवर भाडे घेण्याआधी चालकाने आणि हौद्यात चढण्याआधी प्रवाशाने एवढे तरी विचारावे : ब्रेक ऑइल कधी बदलले?